सेकंड हँड सीव्हीटी गाडीची थरथर: ऑइल बदललं तरी परत का येते?

तक्रार थोड्याफार फरकाने याच शब्दांत येते. सकाळी गाडी अगदी गुळगुळीत निघते. तासाभराने साताऱ्यात पोवई नाक्याच्या गर्दीत अडकली की वीस ते चाळीसच्या स्पीडला थरथर सुरू होते, खडबडीत रस्त्यावरून चालल्यासारखी. गॅरेजवाल्याने गिअरबॉक्सचं ऑइल बदलून दिलं, महिनाभर बरं वाटलं, आता परत तेच. गाडी पेट्रोल, सीव्हीटी ऑटोमॅटिक (म्हणजे ठरावीक गिअरऐवजी दोन पुली आणि पट्ट्यावर चालणारा गिअरबॉक्स), सात-आठ वर्षं वापरलेली, दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या मालकाकडची. मग ओळखीतलं कोणीतरी ठामपणे सांगून जातं, "सीव्हीटी आहे ना? गेला गिअरबॉक्स. मिळेल त्या भावात काढून टाक."

माझ्या पाहण्यात अशा गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांचा गिअरबॉक्स गेलेला नसतो. ऑइल अर्धवट बदललेलं असतं, चुकीचं भरलेलं असतं, किंवा दोष गिअरबॉक्सचा नसून इंजिनाचा असतो. मात्र हीच थरथर वर्षभर तशीच ओढत नेली तर गिअरबॉक्स खरोखर जातो, आणि मग कामाचा आकडा सहज लाखाच्या पुढे जातो. म्हणून एकेक शक्यता क्रमाने बाद करत जाणं बरं.

आधी गाडी सीव्हीटीच आहे का ते बघा

विकणाऱ्याच्या तोंडी सगळंच "ऑटोमॅटिक" असतं. सेलेरिओपासून, म्हणजे 2014 पासून, आपल्याकडे एएमटी आली. ती आतून साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच असते, फक्त क्लच आणि गिअर मशीन टाकतं. तिचे धक्के वेगळे आणि उपायही वेगळे. बलेनो ऑटोमॅटिक 2022 च्या नव्या रूपाआधीची असेल तर सीव्हीटी, त्यानंतरची असेल तर एएमटी. ग्लांझाचंही तसंच. होंडा सिटीचा घोळ उलटा आहे. 2009 ते 2013 मधली ऑटोमॅटिक सिटी पाच गिअरची, टॉर्क कन्व्हर्टरवाली (इंजिनाची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग). 2014 पासूनची पेट्रोल ऑटोमॅटिक सीव्हीटी. त्याच्याही आधीच्या सिटी झेडएक्समध्ये सीव्हीटी होती, पण ती जुन्या धाटणीची. मायक्रा, सनी, जॅझ, अमेझ, कोरोला अल्टिस, टर्बो मॅग्नाइट आणि कायगर यांच्या सीव्हीटी बाजारात फिरतात. ह्युंदाई-किया ज्याला आयव्हीटी म्हणतात तीही सीव्हीटीच, फक्त तिच्यात पट्ट्याऐवजी साखळी असते. हायराइडर किंवा ग्रँड व्हिटाराच्या स्ट्राँग हायब्रिडवर "ई-सीव्हीटी" लिहिलेलं असतं, पण त्यात पट्टाही नाही आणि पुलीही नाही. खाली लिहिलेलं त्या गाड्यांना लागू नाही.

आत काय चालतं

ॲक्टिव्हाचं डावीकडचं कव्हर उघडलेलं कोणी पाहिलं असेल तर निम्मं समजलं. दोन पुली, मध्ये पट्टा. पुलीच्या बाजू जवळ-लांब होतात, पट्टा वर-खाली सरकतो आणि गिअर न बदलता रेशो बदलत जातो. स्कूटरमध्ये पट्टा रबराचा आणि कोरडा असतो. कारमध्ये तो स्टीलचा असतो: शेकडो पातळ चकत्या स्टीलच्या कड्यांत ओवलेल्या, आणि सगळं ऑइलमध्ये बुडालेलं. हा पट्टा ओढत नाही, चकत्या एकमेकींना ढकलतात. डच इंजिनिअर हब व्हॅन डोर्न याने 1958 मध्ये डाफ गाडीत रबरी पट्ट्यांची व्यवस्था आणली. स्टीलचा पट्टा त्याच्याच कंपनीतून पुढे आला.

यातली कळीची गोष्ट ऑइलची. इंजिनात ऑइल घर्षण कमी करायला असतं. इथे त्याला प्रेशर द्यायचं असतं, गरमी बाहेर न्यायची असते आणि त्याच वेळी पट्टा पुलीवरून घसरू द्यायचा नसतो. म्हणजे धातू झिजू नये इतकं वंगण पाहिजे, पण पकड सुटेल इतका निसरडेपणा नको. हा तोल ऑइलमधल्या रसायनांवर असतो, आणि गरमीने ती रसायनं थकतात. साधं एटीएफ, म्हणजे इतर ऑटोमॅटिकचं ऑइल, भरलं तर हा तोल पहिल्या दिवसापासूनच बिघडतो.

दुसरी गोष्ट लॉक-अप क्लचची. इंजिन आणि पुली यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. गाडीने थोडा वेग घेतला की त्यातला क्लच बसतो आणि दोन्ही बाजू थेट जोडल्या जातात. सीव्हीटीत हा क्लच बराच लवकर बसतो. ऑइल थकलेलं असेल तर तो एकदम न बसता धर-सोड, धर-सोड करतो. वीस ते चाळीसमधली ती थरथर बहुतेक वेळा हीच असते, पट्टा तुटायची खूण नसते.

थरथर नेमकी कशाची

रिकामा सपाट रस्ता घ्या. गाडी पुरती गरम झालेली हवी, गार गाडीवर ही तपासणी व्यर्थ आहे. वीस ते चाळीसमध्ये, जिथे थरथर येते तिथे, एकसारखा वेग धरा, ॲक्सिलरेटर हलका ठेवा. थरथर आली की ॲक्सिलरेटर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श करा, ब्रेकचा दिवा लागेल इतकाच. मागे गाडी नाही याची खात्री करूनच. बहुतेक गाड्यांत ब्रेकचा स्विच लागताच लॉक-अप सुटतो. त्या क्षणी थरथर थांबली आणि पाय काढल्यावर परत आली, तर दोष लॉक-अपकडचा, म्हणजे आधी ऑइलचा.

ब्रेकला स्पर्श करूनही फरक पडला नाही तर इंजिनाकडे वळा. एखादा प्लग किंवा कॉइल कमजोर असेल तर इंजिन मिस मारतं, आणि सीव्हीटीत ते हुबेहूब गिअरबॉक्सच्या थरथरीसारखं वाटतं, कारण सीव्हीटी कमी आरपीएमवर इंजिनाला ओझं ओढायला लावते. स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं तपासणीचं यंत्र) लावून कोणता सिलिंडर मिस मारतोय ते पाच मिनिटांत दिसतं. चार प्लग बदलून सुटणारं दुखणं गिअरबॉक्सच्या नावावर खपवलेलं मी पाहिलं आहे. गाडी उभी, डीमध्ये, ब्रेक दाबलेला, आणि सीट-स्टेअरिंग थरथरतंय. एनमध्ये टाकलं की शांत: असं असेल तर इंजिनाचं माउंटिंग बघा. सात-आठ वर्षांत त्यातलं रबर बसलेलंच असतं.

आणखी एक गैरसमज. जोरात ॲक्सिलरेटर दाबला की सीव्हीटीत आवाज आधी वाढतो आणि वेग मागून येतो. याला लोक "स्लिप मारते" म्हणतात. ते तिचं चालणंच तसं आहे. खरी स्लिप वेगळी दिसते: सपाट रस्ता, पाय स्थिर, वेग स्थिर, आणि आरपीएमची सुई मात्र आपल्या मनाने वर-खाली. हे दिसलं तर प्रकरण ऑइलच्या पुढे गेलेलं असू शकतं.

ऑइल बदललं तरी परत का

पहिलं कारण साध्या गणिताचं. ड्रेन नट उघडला की साधारण निम्मंच ऑइल बाहेर येतं. बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, कूलरमध्ये आणि वाहिन्यांत अडकून राहतं. एकदा बदललं तर निम्मं जुनं राहिलं, दुसऱ्यांदा बदललं तर पाव, तिसऱ्यांदा आठवा हिस्सा. महिनाभर बरं वाटून थरथर परत येते ती यामुळे. म्हणून एकदा बदला, काहीशे किलोमीटर गाडी चालवा, परत बदला, आणि शक्य असेल तर तिसऱ्यांदाही. खर्च होतो, पण मोठ्या कामाच्या आकड्यापुढे तो काहीच नाही. मशीन लावून प्रेशरने फ्लश मारायला मात्र मी जुन्या, कधीच ऑइल न बदललेल्या गाडीला नाही म्हणतो. तळाला बसलेला गाळ उठून व्हॉल्व्ह बॉडीत, म्हणजे ऑइलचं प्रेशर वाटून देणाऱ्या भागात, जाऊन बसला तर नवीन दुखणं ओढवून घेतल्यासारखं होतं.

दुसरं कारण चुकीचं ऑइल. कराडच्या माझ्या मेहुण्यांनी घेतलेल्या सेडानचं असंच होतं. आधीच्या मालकाच्या फायलीत बिलं नीट लावलेली होती, त्यात एका बिलावर हाताने लिहिलेलं: "गिअर ऑइल 3 लि." ना ग्रेड, ना कंपनी. मेहुणे म्हणाले, "दाजी, बदललंय की, बिल आहे." खाली ट्रे ठेवून नट उघडला तर आलेलं ऑइल तपकिरी, आणि बोटाला लावून नाकाशी नेलं की करपलेला वास. नटाच्या टोकाला चुंबक असतो. त्यावर करड्या रंगाची मऊ लुगदी होती, वर्तमानपत्रावर पुसली तर डाग पडला, चमकणारा कण एकही नाही. म्हणजे आत सुखरूप. लुगदी ही नेहमीची झीज. बोटांत टोचणारे कण किंवा उन्हात चमकणारा चुरा दिसला असता तर बोलणं वेगळं झालं असतं. पुस्तिकेत लिहिलेलं ऑइल टप्प्याटप्प्याने भरत गेलो तशी थरथर कमी होत गेली. पहिल्या खेपेला फरक थोडा होता, आणि नेमक्या त्याच जागी लोक धीर सोडतात.

ऑइल कोणतं, यात चर्चेला जागा नाही. होंडाच्या 2014 नंतरच्या सीव्हीटीला एचसीएफ-2, निसानला मॉडेलप्रमाणे एनएस-2 किंवा एनएस-3, ह्युंदाई-कियाच्या आयव्हीटीला एसपी-सीव्हीटी1. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत असेल तेच. "सगळ्या ऑटोमॅटिकला चालतं" असं दुकानदाराने सांगितलेला डबा घेऊ नका. लेव्हलही अंदाजाने नको. बहुतेक सीव्हीटींत ती ऑइल ठरावीक तापमानाला आल्यावर, गाडी सपाट जागेवर ठेवून बघायची असते. रस्त्याच्या कडेला, एक चाक उंचावर असताना भरलेली लेव्हल चुकणारच. काही गाड्यांत आत जाळी आणि बाहेर एक छोटा कागदी फिल्टरही असतो. तो बदलला का, हे वेगळं विचारावं लागतं, कारण आपणहून कोणी सांगत नाही.

तिसरं कारण गरमी, आणि याकडे गॅरेजमध्ये सगळ्यात कमी लक्ष जातं. अनेक गाड्यांत गिअरबॉक्सचं ऑइल इंजिनाच्या कूलंटनेच थंड होतं. आधीच्या मालकाने रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलं असेल तर कूलरमध्ये क्षार बसतात. मग ऑइल कितीही नवीन घाला, ते लवकर करपतं आणि थरथर परत. ऑइल बदलताना कूलंटचं झाकणही गार इंजिनावर उघडून बघा. तांबूस, गढूळ पाणी दिसलं तर आधी ते निस्तरा.

घाटात तिचे हाल आपणच करतो

साताऱ्यात सीव्हीटी लवकर थकण्यामागे रस्त्यांचाही वाटा आहे. कासच्या फुलांच्या दिवसांत रविवारी यवतेश्वरच्या घाटात रांग लागते. चढावर गाडी थांबते आणि चालक ब्रेक न दाबता ॲक्सिलरेटरवरच गाडी तोलून धरतो. त्या वेळी टॉर्क कन्व्हर्टरमधलं ऑइल घुसळलं जातं, गाडी जागची हलत नाही आणि सगळी ताकद गरमीत जाते. पंधरा-वीस मिनिटं असं केलं की स्कॅनरवर ऑइलचं तापमान चढताना दिसतं. जास्तच झालं तर गाडी स्वतःला वाचवायला ताकद कमी करते. पिकअप जातं, माणूस घाबरतो, कडेला घेऊन बंद करतो, अर्ध्या तासाने चालू केली की सगळं ठीक. हे दोन-चारदा झालेलं असेल तर ऑइलचं आयुष्य पुस्तिकेतल्या आकड्यापेक्षा बरंच कमी धरा.

गळीत हंगामात उसाच्या दोन ट्रॉल्यांमागे चढावर रांगणं, हेही तसंच. पुढची गाडी सरकेपर्यंत ब्रेकवर थांबा, थोडी जागा होऊ द्या, मग एकदाच पुढे घ्या. लांब चढाला, म्हणजे पुण्याहून येताना खंबाटकीला किंवा वाईहून पाचगणीला पसरणीच्या घाटात, गिअर लिव्हरवरचं एस किंवा एल वापरा. आवाज जास्त येतो म्हणून लोक टाळतात. पण तीच ताकद जास्त आरपीएमला काढली तर पट्ट्यावरचा ताण कमी पडतो. उतारालाही एल, म्हणजे ब्रेकवर भार कमी.

पट्ट्यावरच्या ताणाचा विषय कंपन्याही किती जपून हाताळतात याचं उदाहरण आपल्याच बाजारात आहे. 2018 च्या डिझेल अमेझमध्ये मॅन्युअल गाडीचं इंजिन 200 न्यूटन मीटर टॉर्क देत होतं, सीव्हीटीवाल्यात तेच इंजिन 160 वर आणलेलं होतं. टोयोटाने तर 2018 मध्ये अशी सीव्हीटी काढली की जागेवरून उठताना पट्टा वापरातच येत नाही, त्यासाठी वेगळा खराखुरा गिअर दिलेला असतो. आणि अमेरिकेत निसानला 2003 ते 2010 या मॉडेल वर्षांच्या सीव्हीटींची वॉरंटी 10 वर्षं किंवा 1 लाख 20 हजार मैलांपर्यंत वाढवून द्यावी लागली होती. सीव्हीटीची बदनामी पुष्कळशी तिथून आली. ती निराधार नव्हती, पण त्या वर्षांतल्या त्या गाड्यांवरून आजच्या प्रत्येक सीव्हीटीचा निकाल लावणंही बरोबर नाही.

घ्यायच्या आधी

विकणाऱ्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा की गाडी चालू करून ठेवायची नाही, गारच पाहिजे. बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी या. गार गाडीत पीमधून डी आणि डीमधून आर करून बघा. गिअर लागायला दीड-दोन सेकंद लागत असतील किंवा दणका बसत असेल तर लिहून ठेवा. मग गाडी घाटात घाला. सातारकरांना यवतेश्वर हाताशी आहे. सांगली-मिरजेच्या लोकांना सपाटीच जास्त, त्यांनी दंडोबाच्या डोंगराचा चढ बघावा किंवा निदान विश्रामबागच्या गर्दीत अर्धा-पाऊण तास थांबत-चालत गाडी तापवावी. एजंट "दादा, एवढं कोण फिरवतं" म्हणेल. पेट्रोलचे पैसे आपण द्यावेत आणि फिरवावीच. गरम झाल्यावर डी-आर परत करा, ब्रेकची वरची चाचणी करा, आणि काच वर करून आवाज ऐका. वेगाबरोबर वाढत जाणारी शिट्टीसारखी कुई बेअरिंगची असू शकते. चाकाच्या बेअरिंगचा घुमणारा आवाज वळणावर बदलतो, गिअरबॉक्सचा सहसा तसा बदलत नाही.

स्कॅनर लावताना नुसता "दोषाचा कोड नाही" यावर समाधान मानू नका. कोड पुसता येतात. अलीकडेच पुसले असतील तर स्कॅनरवर गाडीच्या स्वतःच्या तपासण्या अपूर्ण दिसतात. तसं दिसलं तर दोन दिवस थांबून परत लावा. पी0218 हा गिअरबॉक्स जास्त तापल्याचा कोड, पी0868 ऑइलचं प्रेशर कमी असल्याचा, पी0746 प्रेशरच्या सोलेनॉइडचा (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह). शेवटचे दोन असतील तर केवळ ऑइलवर भागेल असं धरून भाव करू नका.

किलोमीटरच्या आकड्यावर मी फारसा जात नाही. महामार्गावर नव्वद हजार झालेली आणि दर चाळीस हजाराला ऑइल बदललेली गाडी, गल्लीबोळात पस्तीस हजार झालेल्या, कधीच न उघडलेल्या गाडीपेक्षा मला जास्त भरवशाची वाटते. काही पुस्तिकांत ऑइल फक्त "तपासा" असं लिहिलेलं असतं. आपल्या उन्हात आणि घाटात त्यावर विसंबू नका. सर्व्हिस सेंटरची नोंद मागा, आणि तीत गिअरबॉक्स ऑइलचा पार्ट नंबर शोधा. "जनरल सर्व्हिस" या दोन शब्दांत ते येत नाही.

पुराचा प्रश्न सांगलीचा म्हणून वेगळा. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021, दोन्ही पुरांत कितीतरी गाड्या पाण्याखाली होत्या, आणि पुसून-सुकवून त्या दुसऱ्या जिल्ह्यात विकल्या जातात. एमएच 10 पाहून पळायचं कारण नाही, तसंच साताऱ्याचा एमएच 11 किंवा कराडचा 50 पाहून निर्धास्त व्हायचंही नाही. सीव्हीटीत पाणी हवेच्या नळीतून आत जातं आणि क्लचच्या घर्षणपट्ट्या सुटायला लागतात, त्याही लगेच नाही, काही महिन्यांनी. सीटखालचे रूळ, सीटबेल्ट पूर्ण ओढून त्याचं शेवटचं टोक, स्टेपनीच्या खाचेतला गाळ, हे बघा. गिअरबॉक्स ऑइल दुधाळ दिसलं तर तिथेच नमस्कार करून निघा. विम्याच्या दाव्याची नोंदही विचारा.

आणखी एक, कारण आपल्याकडे हे सर्रास होतं: बंद पडलेली गाडी ट्रॅक्टरला दोर बांधून ओढत आणलेली आहे का? इंजिन बंद असताना गिअरबॉक्सचा पंप फिरत नाही, ऑइल पोचत नाही आणि पुढची चाकं मात्र पुली-पट्टा कोरडा फिरवत राहतात. पुढची चाकं उचलून किंवा सरळ गाडीवर लादूनच आणायची. मालकाला सहज गप्पांत विचारा, "कधी बंद पडली होती का रस्त्यात, मग आणली कशी?" याचं उत्तर लोक खरं देतात, कारण त्यात लपवण्यासारखं काही आहे हे त्यांच्या डोक्यात नसतं.

गाडी घेतलीत आणि थरथर निघाली, तर गॅरेजच्या जॉब कार्डवर ऑइलची ग्रेड, किती लिटर काढलं आणि किती भरलं हे लिहून घ्या, आणि काढलेलं ऑइल पारदर्शक बाटलीत मागून घ्या. दुसऱ्या खेपेला निघालेलं तिच्याशेजारी धरून बघता येतं. तिसऱ्या खेपेनंतरही गरम गाडीत ब्रेकची चाचणी तेच सांगत असेल, तर व्हॉल्व्ह बॉडी आणि लॉक-अप तपासायला सीव्हीटी उघडणाऱ्या माणसाकडेच न्या. असे मिस्त्री आपल्याकडे मोजके, बहुतेक वेळा पुण्याला किंवा कोल्हापूरला जावं लागतं. जाताना आधीची जॉब कार्डं आणि त्या बाटल्या बरोबर ठेवा.